भिशीचे वीस हजार आणि चढाची सायकल

श्रावणात माझी भिशी लागली. आम्ही दहा जणी, महिन्याला दोन-दोन हजार, म्हणजे एकदम २०,००० रुपये हातात. त्याच संध्याकाळी मी वहिनींना सांगून टाकलं, यातून सायकल घेणार. ‘स्कूटी आहे की तुमच्याकडं,’ त्या म्हणाल्या. स्कूटी आहे, वाडीवरच्या शाळेत शिकवायला जाते, त्यासाठी रोज वापरते. पण शनिवारी आमची शाळा सकाळची असते. साताऱ्यातून उजाडताना निघावं लागतं. बोगदा ओलांडला की समोर सज्जनगड धुक्यात अर्धा बुडालेला दिसतो, आणि दर शनिवारी वाटायचं, हा रस्ता आपण आपल्या पायांनी जावा.

रस्ता असा आहे: नऊ किलोमीटर डांबरी, मग फाट्यापासून वाडीपर्यंत तीन किलोमीटर कच्चा. आधी मुरूम, मग भातखाचरांच्या कडेची पाणंद, आणि शाळेच्या आधी दगडगोट्यांचा उभा चढ. शिवाय रविवारी यवतेश्वरचा घाट चढून पेट्रीपर्यंत, जमलं तर कास तलावापर्यंत जायचं मनात होतं. म्हणजे मला हवी होती ती माउंटन बाइक. आमच्याकडं गावाकडची माणसं तिला अजून ‘रेंजर’च म्हणतात. पैसे मात्र वीसच हजार, आणि त्यातूनच हेल्मेट, पंप, जादा ट्यूब आणि लाइट घ्यायचे होते. त्यासाठी २,५०० बाजूला काढले. सायकलीसाठी उरले १७,५००.

गणपतीच्या आधी शहरातल्या एका दुकानात गेले. मालकांनी पहिल्यांदा बास्केटवाली लेडीज सायकल पुढं केली. मी रस्ता समजावून सांगितल्यावर त्यांनी आतून दुसरी काढली. पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअप, जाड टायर, फ्रेमवर मोठ्या अक्षरांत ‘२१ गिअर’, किंमत ११,५००. ‘मॅडम, डबल शॉकअपची आहे, दगडात कळणारसुद्धा नाही.’ दिसायला ती खरंच देखणी होती. ६,००० रुपये वाचत होते. गल्लीत एक फेरी मारली, तर प्रत्येक पायडलला सीट खाली जायची आणि वर यायची. पायातला जोर चाकापर्यंत पोचायच्या आत मागचा स्प्रिंगच तो खाऊन टाकत होता. सपाट गल्लीत ही गत, तर घाटात काय होणार? मी पर्समधून प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा काढला आणि सायकल त्याला अडकवली. १८ किलो ६०० ग्रॅम. मालकांना ते आवडलं नाही, पण मी त्यांचा दोष मानत नाही. बहुतेक गिऱ्हाइकं हेच मागतात.

त्या दुकानातून मी परत आले ते भाच्यामुळे. तीन वर्षांपूर्वी त्याला अशीच डबल शॉकअपची सायकल घेतली होती. पहिल्या पावसाळ्यानंतर मागच्या सांध्यात खडखडाट सुरू झाला, दुसऱ्या पावसाळ्यात पुढचा शॉकअप गंजून जाम झाला. आता ती गोठ्यात पडून आहे. पोराला सायकलचा नाद होता, तो त्या सायकलीनं संपवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून मी मामांकडं गेले. माझ्या कॉलेजच्या सायकलीचं पंक्चर काढणारे हे मिस्त्री अजून त्याच झाडाखाली बसतात. पुढचे दोन महिने मी जे शिकले, त्यातलं बरंचसं त्या झाडाखाली शिकले.

मामांनी एक पत्र्याचा डबा माझ्यापुढं पालथा केला. आत सगळे वाकलेले नाहीतर मोडलेले मागच्या चाकाचे एक्सल, म्हणजे चाक ज्या लोखंडी दांडीवर फिरतं ती. ‘हे सगळे गिअरच्या सायकलींचे. सांगा कशानं मोडले?’ मला सांगता येईना. मग त्यांनी दोन चाकं शेजारी ठेवली. एकात दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी घट्ट फिरवून बसवलेला, म्हणजे फ्रीव्हील. त्यात हबचं बेअरिंग चकत्यांच्या आतल्या बाजूला राहतं, आणि तिथून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच तुकडा आधाराशिवाय लोंबकळतो. सात चकत्यांचं फ्रीव्हील असेल तर तो तुकडा आणखी लांब. वजन आणि दगड यांचा मार तिथंच बसतो. दुसऱ्या चाकात कॅसेट होती, म्हणजे चकत्या हबवरच्या खाचांत सरकवून बसवलेल्या. तिच्यात बेअरिंग पार बाहेरच्या टोकाशी, फ्रेमच्या जवळ असतं, त्यामुळे एक्सलला आधार मिळतो. ‘डांबरीवर हे पण चालतंय,’ फ्रीव्हीलवर बोट ठेवून मामा म्हणाले, ‘तुमच्या वाडीच्या रस्त्याला ते घ्या.’

दुकानात ओळखायचं कसं, तेही त्यांनी दाखवलं. चकत्या हातानं उलट्या फिरवायच्या. मधलं खाचांचं कडं चकत्यांबरोबर फिरलं तर कॅसेट, जागच्या जागी राहिलं तर फ्रीव्हील. त्या दिवसापासून मी कुठल्याही दुकानात गेले की आधी मागच्या चाकाशी बसते.

दुसरी गोष्ट दात्यांची. ‘किती गिअर?’ हा प्रश्न सगळे विचारतात, मीही तोच विचारत होते. २१ म्हणजे पुढच्या तीन चकत्या गुणिले मागच्या सात, एवढंच ते. चढाला कामाला येतो त्यातला एकच गिअर, पुढची सगळ्यांत लहान चकती आणि मागची सगळ्यांत मोठी. मी पुन्हा त्या पहिल्या दुकानात जाऊन दाते मोजले. एका दात्याला खडूची खूण करायची आणि तिथपर्यंत परत मोजत यायचं. पुढची लहान चकती २८ दाते, मागची मोठीही २८. म्हणजे पायडलची एक फेरी मारली की चाकाची एक फेरी. २६ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर धरला, तर एका फेरीत तेवढं अंतर पायानं ओढायचं. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. यवतेश्वरच्या वळणांवर मी ताशी साडेसातनं चढू शकत नाही. म्हणजे माझे पाय मिनिटाला चाळीसवर येणार, गुडघे ताणले जाणार आणि उतरून ढकलावं लागणार.

आता पुढं २४ आणि मागं ३४ दाते धरा. साडेसत्तावीस इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर १७ सेंटिमीटर. २४ भागिले ३४, गुणिले २.१७, म्हणजे एका फेरीत दीड मीटरच्या आसपास. तेवढ्याच ६० फेऱ्यांत ताशी साडेपाच किलोमीटर. भरभर चालणाऱ्या माणसाएवढा हा वेग, पण पाय फिरत राहतात, दम टिकतो, आणि चढ संपतो. दोन्ही सायकलींवर ‘२१ गिअर’ लिहिता येईल. वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब केला त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आता आपल्याला कोणी फसवू शकत नाही.

पुढच्या शॉकअपचा निर्णय मात्र सोपा नव्हता, आणि त्यावर माझं मत अजूनही पूर्ण ठरलेलं नाही. या किमतीत पुढं बसतो तो साध्या लोखंडी स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. वजन अडीच किलोच्या आसपास. आतला स्प्रिंग मध्यम वजनाच्या पुरुषाला धरून बसवलेला असावा, कारण माझ्या ५४ किलोंना तो जेमतेम दबतो. दुकानात पुढचा ब्रेक धरून हँडलवर अंग टाकलं की लगेच कळतं. १०० मिलिमीटर दबतो असं लिहिलेला फोर्क माझ्या वजनाला बोटभर हलत होता. त्यापेक्षा साधा, बिनस्प्रिंगचा सरळ फोर्क घ्यावा, वजन आणि पैसे दोन्ही वाचवावेत, आणि दगडांचा मार रुंद टायरवर सोडावा, असं मला पटलं होतं. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल हवा छापलेली असते. माझ्यासारख्या हलक्या माणसानं किमान आकड्याच्या थोडं वर हवा ठेवली तर कच्च्या रस्त्यावर जेवढं सुख मिळतं, तेवढं या स्वस्त फोर्कांनी मिळत नाही. कडक हवा भरून शॉकअपवर भरवसा ठेवणं हे उलटं गणित आहे. पण सरळ फोर्क, कॅसेट आणि माझं माप या तिन्ही गोष्टी एका सायकलीत मला कुठंच मिळाल्या नाहीत. शेवटी फोर्क घ्यावाच लागला. मग निदान घाटात तो बंद करायचा खटका, लॉकआउट, असलेला घेतला.

मापाचं सांगायलाच हवं, कारण बायकांची इथंच सर्वांत जास्त अडचण होते. माझी उंची ५ फूट २ इंच. भिंतीला पाठ लावून, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरलं, त्याच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर केली आणि जमिनीपासून मोजलं: ७४ सेंटिमीटर. सायकलीवर उभं राहिल्यावर मधल्या दांड्याच्या वर निदान तीन-चार सेंटिमीटर मोकळी राहायला हवीत. दगडात अचानक पाय टेकायची वेळ येते तेव्हा ही मोकळी जागाच वाचवते. तीन दुकानांत मला सांगितलं गेलं, ‘एकच साइज येते, सीट खाली करून देतो.’ सीट खाली केल्यानं दांडा खाली येत नाही, हँडलही जवळ येत नाही. अठरा इंची फ्रेमवर मी हात ताणून बसले की मनगटांत कळ यायची. अशा वेळी माणसाला वाटतं, आपल्यालाच सायकल जमत नाही. जमत असते. सायकल दुसऱ्याच्या मापाची असते.

हाताचंही तसंच. ब्रेकच्या लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. अंगठ्याशेजारच्या बोटाचं पहिलं पेर लिव्हरला सहज पोचायला हवं. दोन दुकानांतल्या पोरांना हा स्क्रू कशाचा ते माहीतच नव्हतं.

मध्येच एक जुनी सायकल समोर आली. साताऱ्यातल्याच एका मुलाची, तीन वर्षं वापरलेली, चांगल्या कंपनीची, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, १२,००० रुपये. मी एक रात्र झोपले नाही. सकाळी शाळेची फूटपट्टी घेऊन गेले. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून बाराव्या पूर्ण जोडीच्या पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. पिना बारा इंचांच्या पुढं एक-सोळांश सरकल्या की चेन बदलायची, एक-अष्टमांश सरकल्या तर बहुधा मागच्या चकत्याही खाल्लेल्या असतात. इथं अष्टमांशाच्याही पुढं गेल्या होत्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवली तर हँडलच्या मुळाशी टक-टक. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं, मामांनी चार हजारांत करून दिलं असतं. फ्रेम मात्र मोठी होती, आणि तिला इलाज नाही. मुलगा प्रामाणिक होता, ‘मावशी, तुम्हाला मोठी होतीय ती,’ असं तोच म्हणाला.

दसऱ्याच्या सुट्टीत पुण्याला भावाकडं गेले आणि दोन दिवस नुसत्या सायकली बघितल्या. तिथं निदान एस, एम, एल अशी मापं तरी ओळीनं लावलेली होती. दुकानांतून फिरताना नावांचा गुंता थोडा सुटला. हर्क्युलिस, बीएसए, मोंट्रा ही नावं वेगवेगळी असली तरी घर एकच, चेन्नईचं टीआय सायकल्स. फायरफॉक्स २०१५पासून हीरो सायकल्सकडं आहे. रॉकरायडर डेकॅथलॉनची स्वतःची. म्हणजे नावावर भांडण्यात अर्थ नव्हता, प्रत्येक सायकलीला काय-काय लावलंय ते बघायचं. शिमानो हे नाव तर जवळपास सगळ्यांवर असतं. कधीकधी एकट्या मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर, आणि बाकी सगळं दुसऱ्या कुणाचं. टूर्नी ही त्यांची अगदी पहिली पायरी, तिच्यावर अल्टस, मग असेरा. पहिली पायरी वाईट नाही. ती नीट लावलेली असेल तर वर्षानुवर्षं चालते.

ब्रेकबद्दल मात्र मी ठाम होते. रिमवर घासणारे ब्रेक स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे, पण पावसात पाणंदीचा चिखल रिमला लागतो आणि प्रत्येक ब्रेकला रिम घासली जाते. हायड्रॉलिक माझ्या पैशांत बसत नव्हते. केबलनं चालणारे डिस्क ब्रेक घेतले, जे रिमऐवजी चाकाच्या मधल्या पातळ पत्र्याच्या चकतीला पकडतात. त्यांची केबल आणि पॅड साताऱ्यात मिळतात, आणि पॅड जवळ आणायचा स्क्रू मला स्वतःला फिरवता येतो. साडेसत्तावीस इंची चाकाबद्दलही आधी मामांना फोन केला. ट्यूब साताऱ्यात मिळते म्हणाले, तेव्हाच पुढं सरकले.

सायकल शेवटी साताऱ्यातच घेतली. पुण्यात जे मॉडेल आवडलं होतं ते इथल्या एका दुकानदारानं एस मापात मागवून दिलं. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढं तीन, मागं आठची कॅसेट, ३४ दात्यांची मोठी चकती, वजन माझ्या काट्यावर १४ किलो ८००. खोक्यावरची जुनी किंमत २२,४०० होती. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, त्यामुळे बिल २१,००० झालं. माझ्या आकड्यापेक्षा ते साडेतीन हजारांनी जास्तच. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलचं धाकटं मॉडेल १६,८०० ला होतं, तेही मापाचं. दोन दिवस मी त्या ४,२०० रुपयांभोवती फिरत होते. मग मामांचा तो पत्र्याचा डबा आठवला. दिवाळीची साडी घेतली नाही. पाडव्याला सायकल घरी आली, आईनं चाकाला हळद-कुंकू लावलं.

आणायच्या आधी दुकानात दीड तास बसले होते, हेही सांगते. खोक्यातून येणारी सायकल अर्धवट जोडलेली असते आणि जोडणारा घाईत असतो. मी स्वतः एका दुकानात शोला ठेवलेली सायकल बघितली होती, जिचा पुढचा फोर्क उलटा बसवलेला होता. डिस्कचा ब्रेक बसणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि फोर्कच्या मागच्या बाजूला असायला हवा, तो उजवीकडं पुढं आला होता. माझ्या सायकलीची चाकं उचलून फिरवली, मागच्या चाकात थोडा आऊट होता, म्हणजे ते फिरताना डुलत होतं, तो काढून घेतला. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते हातानं आधी थोडं फिरवून मगच पान्यानं आवळायला सांगितलं. घरी आल्यावर मोकळ्या मैदानात वेगात येऊन वीसेक वेळा ब्रेक दाबले, तेव्हा कुठं पॅड बसले आणि ब्रेक लागायला लागले. दीडशे किलोमीटरनंतर गिअर उड्या मारायला लागले. केबल ताणल्या होत्या, मामांनी पाच मिनिटांत जाग्यावर आणल्या.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी सहाला निघाले. बोगद्यातून बाहेर पडल्यावर थंडी एवढी की बोटं लिव्हरवर आखडली. फाट्यापासून मुरूम सुरू झाला, टायरखाली तो कुरकुरणारा आवाज, कडेच्या खाचरात कापलेल्या भाताचे भारे. शाळेच्या चढाला फोर्कचा खटका बंद केला, चेन २४-३४वर टाकली आणि खाली बघत पाय फिरवत राहिले. मध्ये एकदा मागचं चाक गोट्यावर सुटलं, पाय टेकला. दांड्याच्या वर जागा होती. पुन्हा सुरुवात केली आणि हापशापाशी पोचले तेव्हा सात-दहा झाले होते.

पोरं आधीच जमलेली. ‘मॅडम, किती गिअर?’ पहिला प्रश्न तोच. मी पिशवीतून खडू काढला, मागच्या मोठ्या चकतीच्या एका दात्याला खूण केली आणि चौथीतल्या दोघींना म्हटलं, मोजा. एकीचे तेहेतीस आले, दुसरीचे चौतीस. वाद लागला. सायकल उलटी केली, सगळा वर्ग तिच्याभोवती बसला, आणि प्रार्थनेची घंटा होईपर्यंत ते मोजतच होते.